दगडाची ओळ

२०१७ साली हुतात्मा चौकात फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीसाठी खोदकाम झालं. डांबर उचकटलं आणि खालून ट्रामचे रूळ निघाले. रुळांना खेटून घडीव काळा दगड. मुंबईत ट्राम होती हे म्हाताऱ्यांना ठाऊक होतंच. १८७४ ला घोड्यांची सुरू झाली, १९०७ ला विजेची, ३१ मार्च १९६४ ला शेवटची धावली. पण ती नेमकी कुठून जायची, ते त्या रुळांनी बोट ठेवून दाखवलं.

मागावर उभं राहणाऱ्याला सूत कुठं तुटलं ते हाताला कळतं. रस्त्याचंही तसंच हाय. कडेच्या दगडांची ओळ डोळ्यानं धरून चाला. ओळ मधेच गोल वळून भिंतीत घुसली, तर तिथं गल्लीचं तोंड होतं, मागनं बुजवलं. दगड उतरता बसवलाय, तर तिथून गाडी आत जायची, आज फाटक नसलं तरी. जुनी कड रस्त्याच्या पोटात सापडली, तर रस्ता नंतर रुंद केला. एकट्या दगडावर मात्र भरोसा ठेवू नका. उचकटलेला दगड दुसरीकडं बसवतात. साक्ष ओळीची धरायची.

आता एक ओळ वाचू. १८९६ ला मुंबईत प्लेग आला. १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्यानं दाट वस्ती चिरून सरळ रस्ते काढले: प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, सिडनहॅम रोड, म्हणजे आजचा मोहम्मद अली रोड. रस्त्याची कड सुतात. बाजूच्या जुन्या गल्ल्या वाकड्यातिकड्या येतात आणि त्या सरळ कडेशी एकदम तुटतात. तुटतात तिथं पुढं घरं होती, चुली होत्या. पाडलेल्या घरांची निशाणी तेवढीच उरली.

सँडहर्स्ट, सिडनहॅम हे मुंबईचे गव्हर्नर. त्यांची नावं पाटीवर चढली. दगड फोडणारे वडार, घडवणारे पाथरवट, रस्ता झाडणारे आपले बाप-आजे, यांना पाटी मिळाली नाही. पुढं गव्हर्नरांच्याही पाट्या उतरल्या. दगडावरचे टाकीचे घाव तसेच राहिले.

म्हणून सांगतो दोस्तांनो, रस्ता खोदलेला दिसला की नाक दाबून पळू नका. जरा थांबा. ओळ कुठून कुठं जाते ते वहीत उतरून घ्या. दोन दिवसांत वर पेव्हर ब्लॉक बसतात, आणि आपल्या आज्याच्या हातचं काम पुन्हा गाडलं जातं.