तोफेचे धनी

तोफ जिच्या देशात ओतली त्याच देशाची, असे आपण धरून चालतो. पण सेंट पीटर्सबर्गच्या ओबुखोव्ह कारखान्यातील १९०७ च्या नमुन्याची बारा इंची आरमारी तोफ घ्या. तिचा गोळाच सुमारे ४७१ किलोंचा! झारच्या 'अलेक्झांडर तिसरा' या काळ्या समुद्रातील युद्धनौकेवर अशा बारा तोफा होत्या. १९२० मध्ये यादवी युद्धात हरलेल्या श्वेत पक्षाने ती नौका ट्युनिशियातील बिझर्ते बंदरी नेली. पुढे नौका मोडीत निघाली, तोफा उरल्या. फ्रान्सने त्या फिनलंडला दिल्या, आणि त्याही रशियाशीच लढण्यासाठी! आठ पोचल्या. उरलेल्या चार १९४० मध्ये नॉर्वेतील बर्गेन येथे जर्मनांच्या हाती पडल्या. त्यांनी त्या इंग्लिश खाडीतील गर्न्सी बेटावर बसविल्या, इंग्रजांवर रोखून.