बालमजुरी : ट्रॉम्बे परिसर

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील ट्रॉम्बे, मानखुर्द व गोवंडी येथील श्रमिक वस्त्यांत बालमजुरीची दोन रूपे विशेष आढळली : देवनारच्या कचराभूमीवर भंगार वेचणे आणि कोंदट खोल्यांतील जरीकाम, ज्यासाठी बिहारसारख्या दूरच्या मुलखातूनही मुले आणली जात. कारचोबावर (जरीकामासाठी कापड ताणून बसविण्याच्या चौकटीवर) वाकून, मंद उजेडात तासन्‌तास सुई चालविणाऱ्या मुलाची मान, पाठ व दृष्टी ही अद्याप घडत असतानाच शिणत जातात. कचरा वेचणाऱ्यास काचापत्र्याच्या जखमा, धनुर्वाताचे भय, त्वचारोग आणि जळत्या ढिगाऱ्यांच्या धुरामुळे श्वसनविकार जडतात.

कायद्यांकडे पाहता, १८८१ च्या कारखाना कायद्याने ७ वर्षांखालील मुलांस मज्जाव करून १२ वर्षांखालील मुलांस रोज ९ तास मुक्रर केले, १८९१ मध्ये किमान वय ९ व तास ७ झाले; मात्र त्याचा अंमल यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या मोठ्या कारखान्यांपुरताच होता. १९८६ च्या बालमजुरीविषयक कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांस सर्व व्यवसायांत बंदी घातली, परंतु शाळेच्या वेळेबाहेर घरच्या, धोकादायक नसलेल्या धंद्यात मदतीची मुभा ठेवली. घर व कारखाना एकाच खोलीत नांदतात तेथे ही सवलत निरीक्षकाच्या हाती फारसे काही उरू देत नाही.