जुन्या घागरीतले पाणी

दिवाळीच्या मुहूर्तावर घरात नवी वस्तू आणण्याची आपली चाल जुनी आहे. एके काळी ती वस्तू म्हणजे तांब्या-पितळेचे भांडे असे. पुढे शिवणयंत्र आले, रेडिओ आला. आता पुष्कळ घरी ती वस्तू म्हणजे नवा फोन असतो. भांड्याचे बरे होते. जुनी घागर मोडीत घालावी, नवी घासूनपुसून पाण्याला लावावी, की काम संपले. फोनचे तसे नाही. नव्या फोनचे खोके उघडले की घरातला मुलगा किंवा नात दोन्ही फोन शेजारी शेजारी मांडून बसते, आणि वडील मंडळी एकच प्रश्न फिरून फिरून विचारतात, "जुन्यातले सगळे ह्यात येईल ना?"

हा प्रश्न फोनहून पुष्कळ जुना आहे. ज्या वस्तूवर मनुष्य आपली आठवण लिहून ठेवतो ती वस्तू त्याच्याआधी झिजते, फाटते, किंवा कालबाह्य होते. मग त्या आठवणीचे बिऱ्हाड हलवावे लागते. हे बिऱ्हाड हलवण्याच्या दोन रीती आपल्याकडे पूर्वापार चालत आल्या आहेत.

पहिली रीत व्यापाऱ्याची. दिवाळीच्या पाडव्याला तो नवी वही घालतो. जुन्या वहीतील शेकडो पाने तो उतरून काढीत बसत नाही. प्रत्येक खात्यावरील बाकी तेवढी नव्या वहीत ओढतो. कोणाचे येणे आहे, कोणाचे देणे आहे, एवढेच पुढे जाते. बाकीचे कापडात बांधून फळीवर. ह्या रीतीत निवड आहे, आणि निवड करण्यासाठी जुनी वही एकदा पानन् पान डोळ्यांखालून घालावी लागते.

दुसरी रीत पोथी उतरून घेणाऱ्याची. त्याला निवड करण्याची मुभा नाही. अक्षर न् अक्षर जसेच्या तसे नव्या पोथीत आले पाहिजे. पण उतरून घेणारा हाही माणूसच. न समजलेल्या जुन्या शब्दाच्या जागी तो आपल्या काळचा शब्द घालतो, एखादी ओळ गाळतो, क्वचित भक्तीच्या भरात एखादी पदरचीही घालतो. ज्ञानेश्वरी शके १२१२ मधली. तिच्या प्रतींच्या प्रती होत होत तीन शतके गेली, आणि पाठ इतके बिघडले की एकनाथमहाराजांना अनेक प्रती जुळवून शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. बिऱ्हाड हलवताना भांडी फुटतात, ती अशी. तथापि एक गोष्ट विसरता कामा नये. पोथी उतरून घेणारा चुकत होता, पण तो ती वाचीत होता. ती चूकसुद्धा वाचल्याची खूण होती.

आता फोनकडे येऊ. भारतात मोबाइल फोनवरचे पहिले बोलणे ३१ जुलै १९९५ रोजी झाले; कलकत्त्याहून ज्योती बसू बोलले आणि दिल्लीत सुखराम यांनी ऐकले. त्या काळी फोनमध्ये हलवण्याजोगे होतेच काय? चार नावे आणि चार नंबर. आणि ते हलवण्याची सोय युरोपात अगोदरच झाली होती. म्युनिकच्या गीझेके आणि डेव्ह्रिएंट ह्या नोटा छापणाऱ्या जुन्या कारखान्याने १९९१ साली फिनलंडच्या रेडिओलिन्या ह्या कंपनीला पहिली सिमकार्डे करून दिली. आरंभीचे सिमकार्ड पोस्टकार्डाहून लहान, पण बँकेच्या कार्डाएवढे असे. पुढे ते नखाएवढे झाले. ग्राहकाची ओळख पटवणे हे त्याचे मुख्य काम. पण त्याच्या पोटात नावे आणि नंबर ठेवायलाही थोडी जागा होती. सामान्यतः दोन-अडीचशे नावांची, आणि मोजक्याच संदेशांची. जुन्या फोनमधून कार्ड काढले, नव्यात सरकवले, की गोतावळा मालकाबरोबर नव्या घरी येई. ही रीत अगदी व्यापाऱ्याची होती. दोनशे नावांत मावायचे तर दोनशेएकावे नाव घालताना कोणाला तरी काढावे लागे. मग वाण्याला काढायचे की जुन्या वर्गमित्राला, ह्याचा विचार मालकाला स्वतः करावा लागे.

कार्डात न मावणारा मजकूर हलवण्याच्या खटपटीही ह्याच सुमारास चालू झाल्या. १९९६ साली अमेरिकेत पाम पायलट नावाची खिशात मावणारी वही निघाली. ती आपल्या बैठकीवर ठेवून एक बटण दाबले की तिच्यातले पत्ते आणि तारखा संगणकातल्या पत्त्यांशी आणि तारखांशी जुळून येत. पण एका कंपनीच्या यंत्राने लिहिलेले दुसरीच्या यंत्राला वाचता आले पाहिजे, हा खरा पेच होता. त्यासाठी ॲपल, एटी अँड टी, आयबीएम आणि सीमेन्स ह्या चार कंपन्यांनी मिळून १९९५ साली व्हीकार्ड नावाचा नमुना ठरवला. नाव कोठे लिहायचे, नंबर कोठे, पत्ता कोठे, ह्याचा हा एक ठरीव मायना. आपल्या जुन्या पत्रांत श्री कोठे घालावा आणि विनंती विशेष कोठून सुरू करावे हे ठरलेले असे, तसाच प्रकार. फोन बदलले, कंपन्या बुडाल्या, पण हा मायना टिकला.

नंतर दोन फोन डोक्याला डोके लावून ठेवले की न दिसणाऱ्या किरणांनी एकाचे दुसऱ्यात जाई. पुढे ब्लूटूथ आले. ह्या नावाची गंमत सांगण्यासारखी आहे. दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हाराल्ड नावाचा राजा होऊन गेला. निळा दात हे त्याचे टोपणनाव. त्याने डेन्मार्क आणि नॉर्वे एका छत्राखाली आणले, म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी बोलती करणाऱ्या ह्या युक्तीला त्याचे नाव सुचवले गेले. राजाच्या आद्याक्षरांची दोन प्राचीन अक्षरे एकत्र गुंफली आणि खूण तयार झाली. हजार वर्षांपूर्वीचा राजा आज आपल्या फोनच्या कोपऱ्यात मुद्रा उमटवून बसला आहे.

मराठी माणसाची अडचण आणखी वेगळी होती. युनिकोड ह्या जागतिक लिपिसंकेताची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली आणि देवनागरी तीत पहिल्यापासून होती. पण जुन्या फोनांना तिचा पत्ता नसे. एका फोनवर कष्टाने देवनागरीत लिहिलेले नाव दुसऱ्यावर गेले की नुसते चौकोन दिसत. संदेशाचेही तसेच. रोमन अक्षरांत १६० अक्षरे मावत, तेथे देवनागरीत ७०. तेव्हा आपली मंडळी मराठी मजकूर रोमन अक्षरांत लिहू लागली. मोडीचा बालबोधीशी जो झगडा झाला, त्याचीच ही नवी आवृत्ती. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, म्हणून वाचणाऱ्याला संदर्भाने शब्द ओळखावा लागे. रोमनमधल्या मराठीत ळ आणि ल एक झाले, ण आणि न एक झाले. पुढच्या पिढीला हे संदेश मिळाले, तर तेही संदर्भानेच लावावे लागतील.

ह्याच काळात दुकानदारांसाठी एक नवे यंत्र आले. इस्रायलमध्ये १९९९ साली निघालेल्या सेलेब्राइट ह्या कंपनीने गिऱ्हाइकाच्या जुन्या फोनमधली नावे नव्या फोनमध्ये घालून देणारी पेटी बनवली. फोनच्या नाना जातींचे दरवाजे ह्या पेटीला उघडता येत. काही वर्षांत कंपनीच्या ध्यानात आले, की जे दरवाजे मालकासाठी उघडतात ते तपासासाठीही उघडता येतील. आणि तिची ख्याती पोलिसांना फोनमधला मजकूर काढून देणारी म्हणून झाली. बिऱ्हाड हलवणाऱ्याला घरातले सर्व दिसते, ही गोष्ट आपल्या आजीला ठाऊक होती. म्हणून दागिन्यांचा डबा ती स्वतःच्या मांडीवर घेऊन बसे.

२००७ साली ॲपलचा आयफोन विकावयास आला. त्यातला मजकूर जपायचा तर तो तारेने संगणकाला जोडावा लागे. २०११ पर्यंत ही अट होती. २००८ साली अँड्रॉइडचा पहिला फोन आला. त्यात वेगळी तऱ्हा होती. नावे फोनमध्ये असत, तशीच ती गूगलच्या कोठारातही असत. नव्या फोनवर आपले खाते उघडले की गोतावळा आपोआप हजर. ह्या कोठाराला पुढे लोक 'क्लाउड' म्हणजे ढग म्हणू लागले. वास्तविक हा ढग आभाळात नसतो; दूरच्या कोठल्या तरी इमारतीत, कोणाच्या तरी मालकीच्या यंत्रांत असतो. त्याचा प्रत्यय अमेरिकेत २००९ च्या ऑक्टोबरात आला. साइडकिक नावाचे फोन वापरणाऱ्यांची नावे, तारखा, छायाचित्रे सारी कंपनीच्या यंत्रांत राहत. ती यंत्रे बिघडली, आणि लाखो लोकांना एके दिवशी सांगण्यात आले, की तुमचा मजकूर बहुधा गेला. पुढे बराचसा परत मिळाला. पण आपली वही आपल्या घरात नाही, ही जाणीव त्या आठवड्यात पुष्कळांना प्रथमच झाली.

वही दुसऱ्याच्या घरी असली, की ती तेथून हलवू देणे न देणे त्या घरवाल्याच्या हाती जाते. अँड्रॉइडवरून आपल्याकडे येणाऱ्यांसाठी ॲपलने २०१५ साली साधन काढून दिले. परंतु व्हॉट्सॲपवरचा जुना संवाद ह्या गोटातून त्या गोटात नेण्याची अधिकृत सोय २०२१ आणि २०२२ साली झाली. तोवर गोट बदलणाऱ्याला कित्येक वर्षांचे बोलणे ह्या तीरावर सोडून जावे लागे. आपला मजकूर आपल्याला बरोबर नेता आला पाहिजे, हा हक्क युरोपात २०१८ साली अमलात आलेल्या कायद्याने मान्य केला. आपल्या २०२३ च्या कायद्यात तो हक्क आला नाही. मात्र आपल्या पश्चात आपल्या माहितीवरचे हक्क कोणी बजावावेत, त्याचे नाव नेमून ठेवण्याची तरतूद त्यात आली आहे. कुटुंबवत्सल माणसाने ह्या तरतुदीकडे जरूर लक्ष द्यावे.

आज दोन फोन शेजारी ठेवले, की तासा-दोन तासांत हजारो छायाचित्रे नव्या फोनमध्ये जातात. एकनाथांच्या काळच्या लेखकाला जे साधले नाही ते यंत्राला साधले आहे; एक अक्षर इकडचे तिकडे होत नाही. मग काळजी कसली?

काळजी अशी. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, जुन्या घराण्यांची दप्तरे त्यांनी धुंडाळली, आणि १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्याचा पहिला खंड काढला. पुढे त्याचे बावीस खंड झाले. ह्या कामात त्यांना हात कोणी दिला? काही अंशी विस्मृतीने. रुमालांत बांधलेले कागद माळ्यावर पडून होते, घरातल्यांना त्यांत काय आहे हे ठाऊक नव्हते, मोडी वाचणारा उरला नव्हता. आणि तरीही कागद शिल्लक होते. वाळवीने खाल्ले, वाण्याच्या पुड्यांत गेले, पावसाने भिजले, ते वगळून जे उरले त्यातून पानिपतची मोहीम पुन्हा उभी राहिली. कागदाचा हा मोठा गुण आहे. दोन-तीन पिढ्या त्याला विसरल्या तरी तो वाट पाहू शकतो.

फोन वाट पाहत नाही. कपाटाच्या खणात पडलेला फोन दहा वर्षांत फुगतो, त्याचा चार्जर हरवलेला असतो, कुलपाचा आकडा कोणाला आठवत नाही. आपल्या घरांतील पत्रव्यवहार सर्वसाधारणपणे गेल्या शतकाच्या अखेरीस आटला. त्यानंतरची दहा-बारा वर्षे आपण बटणांच्या फोनवर लहान लहान संदेश लिहीत होतो. मुलगी झाल्याचा, नोकरी लागल्याचा, गाडी सुखरूप पोचल्याचा निरोप त्या फोनांत होता. सिमकार्डात मोजके संदेश मावत. बाकीचे फोनबरोबर गेले. त्या वर्षांपुरता पुष्कळ घरांचा इतिहास कोरा आहे. आजोबांनी आजीला १९५० साली लिहिलेले पोस्टकार्ड सापडेल, पण २००५ साली बापाने लेकीला पाठवलेला संदेश सापडायचा नाही.

ह्याचा अर्थ असा, की मजकूर आता ठेवल्याने राहत नाही. दर तीन-चार वर्षांनी कोणी तरी तो उचलून पुढे नेला तरच राहतो. एका पिढीने एकदा हयगय केली की साखळी तुटली. आणि उचलून नेणे इतके सोपे झाले आहे, की नेताना कोणी वाचीत नाही. वीस हजार छायाचित्रे एका फोनमधून दुसऱ्यात जातात. त्यांत दुकानाच्या पावत्या असतात, सुप्रभातची फुले असतात, आणि कोठे तरी थोरल्या काकांचा शेवटचा फोटो असतो. यंत्राला तिन्ही सारखी. घरातल्या कोणाला तो फोटो कोठे आहे हे ठाऊक नसेल, तर तो असून नसल्यासारखाच.

म्हणून ह्या पाडव्याला नवा फोन घेणाऱ्यांनी यंत्राला त्याचे काम जरूर करू द्यावे. पोथी उतरून घेण्यात आता त्याचा हात धरणारा कोणी नाही. पण त्याआधी एखादी दुपार काढून व्यापाऱ्याची रीतही चालवावी. जुना फोन हाती घेऊन घरच्या वडिलांशेजारी बसावे. नावांच्या यादीवरून एकदा नजर फिरवावी. जे आता नाहीत त्यांची नावे ठेवायची की काढायची, हे त्यांनाच ठरवू द्यावे. फोटोंतली माणसे कोण, गाव कोणते, साल कोणते, ते विचारून घ्यावे. पन्नास-साठ फोटो आणि निवडक पत्रासारखे संदेश कागदावर छापून, खाली नावे लिहून, एका रुमालात बांधून ठेवावेत. येणे कोणाचे आणि देणे कोणाचे, हे यंत्राला सांगता यायचे नाही. ते सांगणारी माणसे घरात आहेत, तोवर विचारून घेतलेले बरे.