गॅस पास झाला का?

पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला भेटायला गेलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: "गॅस पास झाला का?" तोवर पाण्याचा थेंब नाही, नाकात नळी, हाताला सलाईन आणि "उठायचं नाही हं!" फक्त आपल्याकडेच नाही, जगभर हेच चालायचं. शिकागोच्या एमिल रीसने १८९९ मध्येच रुग्णांना लवकर उठवा असं लिहिलं होतं, पण फारसं कुणी ऐकलं नाही.

उपासाची गोष्ट आणखी मजेशीर. १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेंडेलसनने ४४,०१६ बाळंतपणांचा हिशोब मांडला. भूल दिल्यावर ६६ जणींच्या श्वासनलिकेत पोटातलं अन्न किंवा द्रव गेलं होतं, दोघी दगावल्या, त्या दोघीही घट्ट अन्न अडकून. त्या भीतीतून पुढे जो 'रात्री बारानंतर काही नाही' नियम पक्का झाला, त्यात साधं पाणीही अडकलं. (जुन्या कोडमधली ओळ काढायला कुणी धजत नाही ना, तसंच!)

मग आला कोपनहेगनचा सर्जन हेन्रिक केलेट. त्याचा प्रश्न अगदी साधा होता: हा रुग्ण आज अजून हॉस्पिटलात का आहे? दुखतंय, आतडी बंद आहेत, अशक्तपणा आहे म्हणून. पण यातलं बरंचसं उपचारांनीच वाढत होतं! मॉर्फिनसारख्या औषधांनी आतडी मंदावतात, जास्त सलाईनने सुजतात, पडून राहिल्याने स्नायू झिजतात आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. म्हणून त्याने पाठीच्या कण्यापाशी एपिड्युरल देऊन वेदना थांबवल्या आणि रुग्णांना लवकर खायला घालून लवकर चालवलं. १९९५ मध्ये त्याच्या टीमने 'लॅन्सेट'मध्ये मोठ्या आतड्याचं दुर्बिणीतून ऑपरेशन केलेल्या ८ वयस्कर रुग्णांची हकीकत छापली. जिथे आठ-दहा दिवस लागायचे, तिथे हे दोन दिवसांत घरी!

लोक म्हणाले, ही कमाल दुर्बिणीची. मग १९९९ मध्ये पोट उघडून केलेली १६ ऑपरेशनं. पुन्हा साधारण दोनच दिवस.

२००१ मध्ये केन फिअरन, ओले ल्युंगक्विस्ट वगैरे युरोपियन सर्जननी गट करून यावर काम सुरू केलं, २००५ मध्ये नियमावलीही छापली. आणि भुलेआधी दोन तासांपर्यंत पाणी चालतं, हे तर अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांनी १९९९ मध्येच लिहून ठेवलंय. तरी 'रात्री बारानंतर काही नाही' अजून ऐकू येतंच. घरात कुणाचं ठरवून होणारं ऑपरेशन असेल तर भूलतज्ज्ञांना सरळ विचारा, पाणी किती वाजेपर्यंत चालेल? मनाने मात्र पाजू नका, कारण पोट सावकाश रिकामं होणाऱ्यांचं आणि इमर्जन्सीचं गणित वेगळं असतं.