बँडमास्तरांच्या वर्गात

1739 चा मे महिना. वसईच्या किल्ल्याचे दगड उन्हाने तापलेत आणि तुम्ही बंदराकडे जाणाऱ्या वाटेवर गर्दीत उभे आहात. सेबॅस्टियन बुरूज सुरुंगांनी फुटलाय, हवेत अजून दारूचा वास आहे. मराठ्यांच्या चिमाजी अप्पांनी हरलेल्या पोर्तुगीजांचा तहात एक मान राखलाय: शस्त्रं घेऊन, निशाणं फडकवत, ढोल वाजवत बाहेर पडा. ते पाहा, निघाले. शिपाई दमलेत, पाय ओढत चाललेत, पण ढोल सुरू झाला की रांग आपोआप सरळ होते. वाजवणाऱ्याच्या मनगटाकडे बघा. किती सैल! काठी कातड्यावरून उसळते आणि बोटांत परत येते. हे कुणी आईच्या पोटातून शिकून येत नाही. याच्याकडून कुणीतरी रोज घोटून घेतलंय.

आता आणखी मागे चला, 1570 च्या आसपास. याच तटाच्या आत जेझुइटांची शाळा आहे. पोरं धर्माची प्रश्नोत्तरं चालीवर म्हणताहेत. फ्रान्सिस झेवियर गोव्याच्या रस्त्यांतून घंटा वाजवत पोरं गोळा करी आणि हे सगळं गाऊनच पाठ करून घेई. तीच तऱ्हा इथे. पुढे संतपदाला पोचलेला वसईचा गोन्सालो गार्सिया याच जेझुइटांच्या हाताखाली शिकला. हेतू धर्मप्रसाराचा होता, त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. पण वर्गात कान देऊन उभे राहा. ज्याच्या घरात सात पिढ्यांत कुणी गायलं नाही, तो पोरगाही सूर लावतोय. त्यासाठी घराण्यात जन्मावं लागलं नाही, वर्गात बसावं लागलं. शाळेने संगीत शिकवावं, असं मला जीव तोडून वाटतं ते एवढ्याचसाठी.

विजयानंतर मराठ्यांनी वसईच्या चर्चांमधल्या घंटा काढून नेल्या. त्यातली एक मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर अजून आहे. तिच्यावर 1707 साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे. घंटा उचलून नेता आली. सूर वाचायची विद्या ज्यांनी शाळेत कमावली, त्यांच्यापाशीच राहिली. गोव्यातल्या चर्चच्या शाळांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जपली आणि तिथल्या वादकांबरोबर ती मुंबईच्या सिनेमात आली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस मुंबईत एका मुलाला व्हायोलिन शिकवायचे, त्याचं नाव प्यारेलाल. 1977 साली ‘अमर अकबर अँथनी’ आला आणि या शिष्याने गुरूचं नाव गाण्यातून गल्लीबोळांत पोचवलं.

आणि आता आज. ऑगस्टचा पहिला आठवडा, वसईतल्या एका शाळेचं मैदान. पावसाने नुकती उघडीप दिलीय, बुटांना चिखल चिकटतोय. बँडच्या रांगेत तुम्हीच उभे आहात, वय वर्षं बारा, गळ्यात साइड ड्रम. मास्तर सांगतात, ‘उजवा-उजवा, डावा-डावा. हळू. घाई केलीस तर काठी मरते.’ शेजारच्या मुलीच्या हातात बिगुल. त्याला कळ नाही, छिद्र नाही. जे पाच-सहा सूर निघतात ते नुसत्या ओठांच्या ताणावर. ती फुंकते आणि फुसकन हवा जाते. मास्तर म्हणतात, ‘ओठ थरथरव, गाल फुगवू नकोस.’ तिची आई भाजीच्या टोपल्या घेऊन पहाटेच्या गाडीने दादरला जाते. घरी सराव ऐकायला कुणी नसतं, म्हणून ती मधल्या सुट्टीत फुंकत बसते. आणि आज, तुमच्या डोळ्यांदेखत, बिगुलातून सूर सुटतो. सरळ, खणखणीत, मैदानाच्या त्या टोकापर्यंत.

मास्तरांचा चेहरा बघा. एखादा पोरगा पुढे मोठा वादक झाला तर त्यांना आनंद होईलच, पण ही खुशी त्याची नाही. जिला काहीच येत नव्हतं तिला आलं, आणि चाळीस पोरांचा डावा पाय बेस ड्रमच्या एकाच ठोक्यावर पडला, त्याची आहे. दुसऱ्याचं ऐकत आपलं वाजवणं गणिताच्या तासाला शिकवता येत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि अभ्यास वेगळे मानू नका असं लिहून ठेवलंय. तरी चाचणी परीक्षा आली की पहिला गळतो तो बँडचा तास. त्या तासासाठी मास्तर दरवर्षी मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर उभे राहतात आणि मिळवून परत येतात. अशा माणसाला सलाम करायला 15 ऑगस्टची वाट बघू नये.

कवायत संपते. झांजवाला पोरगा धावत येतो.

‘सर, पुढच्या वर्षी बेस ड्रम मला?’

‘आधी झांज मोजून वाजव. तिसऱ्या ओळीत दोनदा चुकलास.’

‘एकदाच, सर!’

‘दोनदा. चल, परत घेऊ.’