पहिला चषक आणि कातारी

१/ मुरबाडजवळच्या एका सुताराच्या कारखान्यात मी पहिल्यांदा लाकडी चषक करायला घेतला. सागाचा तुकडा लेथवर लावला, आधी मधला देठ बारीक केला आणि मग वरचा पेला पोखरू लागलो. देठ मोडला. मिस्त्री एवढेच म्हणाले, "देठ शेवटी घ्यायचा असतो." हा क्रम पहिल्यांदा कोणाला उमगला असेल? तो माणूस इतिहासात कुठे सापडतो? आजचा धागा त्याच्याविषयी.

२/ लाकूड फिरवत ठेवून त्याला धारेने आकार देणे म्हणजे कातणे, आणि ते करणारा तो कातारी. चषकाचा क्रम ठरलेला आहे. लाकूड जाड असतानाच पेल्याचा आतला भाग पोखरायचा, मग बाहेरचा आकार काढायचा आणि सर्वांत शेवटी देठ. देठ बारीक झाला की पेल्याचा आधार जातो. त्यानंतर पटाशीचा जरासा धक्काही त्याला सोसत नाही.

३/ वीज नव्हती तेव्हा लाकूड फिरत असे ते दोरीने. दोरीचा वेढा लाकडाला द्यायचा आणि दोन्ही टोके आळीपाळीने ओढायची. लाकूड एकदा पुढे फिरे, एकदा मागे. धार लागे ती पुढच्या फेऱ्यातच. म्हणून बहुधा माणसे दोन लागत, एक ओढणारा आणि एक कातणारा. इजिप्तमध्ये पेटोसायरिसच्या थडग्यात, इ.स.पूर्व ३०० च्या सुमारास, अशी जोडी कोरलेली आहे. लेथचे हे सर्वांत जुने ज्ञात चित्र मानले जाते.

४/ आपल्याकडे हा कारागीर भेटतो तो पाली वाङ्मयात. 'सतिपट्ठान सुत्ता'त श्वासावर लक्ष ठेवणाऱ्या भिक्षूला कुशल 'भमकारा'ची, म्हणजे कातणाऱ्याची, उपमा दिली आहे. लांब ओढ घेताना ती लांब आहे आणि आखूड घेताना ती आखूड आहे, हे तो जाणतो. विशेष म्हणजे या उपमेत त्याच्याबरोबर त्याचा शिकाऊ शिष्यही आहे. पाचव्या शतकात बुद्धघोषाने खुलासा केला: भेरीसारख्या मोठ्या वस्तूला लांब ओढ, हस्तिदंती सुईसारख्या बारीक कामाला आखूड. कारखाना पाहिल्याशिवाय असा तपशील सुचत नाही.

५/ आता मुरबाडकडे परत येऊ. सोपारा-कल्याणहून जुन्नरला जाणारी प्राचीन वाट याच तालुक्यातून नाणेघाट चढते. घाटमाथ्यावर सातवाहनांचा प्रसिद्ध शिलालेख आहे, आणि पुढे जुन्नरच्या लेण्यांत कारागिरांच्या श्रेणींची नावे आहेत: बांबूकाम करणारे, कांस्यकार, धान्याचे व्यापारी. ज्यांनी संघाला दान दिले त्यांचे नाव दगडावर राहिले. ज्याच्याजवळ देण्याजोगे काही नव्हते, त्याला दगड मिळाला नाही.

६/ आणि वस्तू? लाकडाला वाळवी लागते, कोकणचा पाऊस ते कुजवतो, उरलेले चुलीत जाते. मातीचे खापर टिकते, लाकडी पेला टिकत नाही. म्हणून कार्ल्याचे चैत्यगृह अपवाद ठरते. तिथल्या छताच्या सागवानी कमानी आणि स्तूपावरचे लाकडी छत्र सुमारे दोन हजार वर्षे तग धरून आहेत, कारण ते डोंगराच्या पोटात आहेत. त्या काळातले सुतारकाम किती पुढे गेलेले होते, याचा अंदाज एवढ्यावरूनही येतो.

७/ इथे एक गल्लत टाळायला हवी. कातारी वेगळे आणि शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरचे कातकरी वेगळे. कातकऱ्यांचे नाव खैराच्या झाडापासून काढलेल्या, विड्यात पडणाऱ्या 'काता'वरून आले. दोघांत साम्य एकच, आणि ते मोलाचे आहे: दोघांचेही पोट झाडावर अवलंबून.

८/ १८७८ च्या वन कायद्याने जंगल सरकारी झाले. कातकऱ्यांचा कात काढण्याचा धंदा निर्बंधांत मोडला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला; त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. कारागिराला कौशल्य लागते तसाच लाकडावरचा हक्कही लागतो. कौशल्य गुरू देतो. हक्क राज्यकर्ते देतात किंवा काढून घेतात.

९/ आश्रय मिळाला तर काय होते, हे सावंतवाडीत दिसते. तिथे फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते, आणि केवड्याच्या पानाने तिला चकाकी देतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला आणि तिच्या जोडीची गंजिफा मागे पडू लागली, तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागिरांना जागा दिली. ते काम आजही तिथे पाहता येते.

१०/ मुरबाडच्या कातकामाला असा राजवाडा लाभला नाही. तरी आपल्या घरात लाटणे आहे, ताकाची रवी आहे, कुठे जुन्या पाळण्याचे खांब आहेत, कोनाड्यात भोवरा आहे. त्यांच्यावर बारीक समांतर वळ्या दिसल्या तर त्या कातणाऱ्याच्या धारेच्या खुणा आहेत. तुमच्या गावात हे काम करणारे कोणी असतील तर त्यांच्याकडे जा. त्यांच्या हत्यारांना ते काय म्हणतात, कोणाकडून शिकले, लाकूड कुठून आणतात, हे लिहून घ्या. आपल्या काळातल्या कातारींबद्दल तरी पुढच्या अभ्यासकाला एका उपमेवर भागवावे लागू नये.

११/ दुसऱ्या खेपेला मी पेला आधी पोखरला आणि देठ शेवटी घेतला. चषक एका बाजूला किंचित कलता आहे, पण उभा राहतो. मिस्त्रींनी तो हातात फिरवून पाहिला आणि पुढचा तुकडा लेथवर लावला.