अनुबोधपट, कला–संगीत–क्रीडाविषयक

चित्र, शिल्प, संगीत, नृत्य व क्रीडा या क्षेत्रांतील व्यक्ती, कृती वा घटना यांवर आधारलेले सर्जनशील अनुबोधपट व लघुपट. मैफलीचे, प्रदर्शनाचे किंवा सामन्याचे केवळ यांत्रिक चित्रण आणि त्याच विषयावरील अनुबोधपट यांत मूलभूत फरक आहे. ब्रिटिश अनुबोधपटकार जॉन ग्रिअर्सन (१८९८–१९७२) यांनी अनुबोधपट म्हणजे वास्तवाचे सर्जनशील संस्करण, अशी व्याख्या केली. कला आणि क्रीडा यांच्या बाबतीत या संस्करणाचा मुख्य प्रश्न काळाचा असतो. चित्र स्थिर असते. पडद्यावर आणताना त्याला काळाचे परिमाण द्यावे लागते. रागाचा विस्तार दीर्घ असतो. तो चित्रपटाच्या मर्यादित लांबीत सामावून घ्यावा लागतो. सामन्याचा निकाल प्रेक्षकास बहुधा आधीच ठाऊक असतो. तरीही तो क्षण त्याच्या प्रत्ययास पुन्हा आणून द्यावा लागतो. या तीन अडचणींना निरनिराळ्या दिग्दर्शकांनी दिलेली उत्तरे म्हणजेच या चित्रपटप्रकाराचा इतिहास होय.

उगम : क्रीडा व शारीरिक हालचाल यांचे चित्रपटाशी असलेले नाते चित्रपटाच्या जन्माइतकेच जुने आहे. एडवर्ड मायब्रिज (१८३०–१९०४) यांनी १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात धावत्या घोड्याची छायाचित्रे ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांच्या साहाय्याने घेतली. फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक एत्येन-झ्यूल मारे (१८३०–१९०४) यांनी पळणाऱ्या व उड्या मारणाऱ्या मनुष्याच्या हालचालींचे टप्पे एकाच काचेवर टिपले. १७ मार्च १८९७ रोजी नेव्हाडा राज्यातील कार्सन सिटी येथे झालेल्या कॉर्बेट-फिट्‌झसिमन्स मुष्टियुद्धाचे चित्रण शंभर मिनिटांहून अधिक लांबीचे होते. बहुतेक चित्रपट एक-दोन मिनिटांत संपण्याच्या त्या काळात एवढा दीर्घ चित्रपट अभूतपूर्व ठरला.

भारतातील आरंभही क्रीडेपासूनच झाला. मुंबईतील छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा (१८६८–१९५८) यांनी ल्यूम्येअर बंधूंच्या चलच्चित्रांपासून प्रेरणा घेऊन इंग्लंडहून कॅमेरा मागविला आणि १८९९ मध्ये मलबार हिलवरील हँगिंग गार्डन येथे एका कुस्तीचे चित्रण केले. भारतीयाने भारतात केलेले हे पहिले चित्रण मानले जाते. ते आज उपलब्ध नाही. डाव टाकण्याची त्या काळची पद्धत आणि पहिलवानांची अंगलट यांविषयी ते काय सांगू शकले असते, हे आता जाणून घेता येत नाही. या चित्रपटप्रकाराच्या इतिहासात जतनाचा प्रश्न असा पहिल्याच चित्रणापासून उपस्थित होतो.

क्रीडाविषयक अनुबोधपट : या शाखेतील दोन चित्रपट परस्परांच्या तुलनेने अभ्यासण्याजोगे आहेत. लेनी रीफेनश्टाल (१९०२–२००३) यांनी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिक सामन्यांवर काढलेला ऑलिंपिया (१९३८) हा दोन भागांतील चित्रपट तंत्रदृष्ट्या युगप्रवर्तक ठरला. कॅमेऱ्यासाठी मैदानात खणलेले खड्डे, रुळांवरून सरकणारा कॅमेरा, पाण्याखालील चित्रण व मंदगती चित्रण यांचा त्यात झालेला उपयोग पुढे क्रीडाचित्रणाचा पाया बनला. सूर मारणाऱ्या जलतरणपटूंचा त्यातील प्रसंग स्पर्धा विसरायला लावून शुद्ध गतीचा आनंद देतो. तथापि हा चित्रपट नाझी राजवटीच्या पैशाने व तिच्या प्रतिष्ठेसाठी निर्माण झाला होता. अमेरिकन कृष्णवर्णीय धावपटू जेसी ओवेन्स याचे विजय त्यात वगळलेले नाहीत, हे खरे; परंतु आदर्श देहाच्या पूजेतून सत्तेचे उदात्तीकरण कसे साधता येते, याचाही तो नमुना आहे. त्यामुळे तो पाहावा, पण त्याच्या निर्मितीचा इतिहास जाणूनच पाहावा.

जपानी दिग्दर्शक कोन इचिकावा (१९१५–२००८) यांनी १९६४ च्या सामन्यांवर काढलेला टोकिओ ऑलिंपियाड (१९६५) याच्या नेमका उलट आहे. विक्रम आणि पदके यांपेक्षा खेळाडूंच्या चेहऱ्यावरील ताण, पावसात भिजणारे प्रेक्षक, शर्यत सोडून रस्त्याच्या कडेला बसलेले धावक यांकडे त्याचे लक्ष अधिक आहे. नव्याने स्वतंत्र झालेल्या चाड या देशाचा एकाकी धावपटू भोजनगृहात एकटाच जेवत असल्याचे दृश्य त्यात आहे. इथिओपियाचा आबेबे बिकिला मॅरॅथॉन जिंकतो तो प्रसंग मंदगतीने दाखविला असून तेथे निकालाला महत्त्वच उरत नाही. उरतो तो एका माणसाचा श्वास आणि त्याची पावले. अधिकृत नोंदीची अपेक्षा असलेल्या शासकीय वर्तुळांतून या चित्रपटावर टीका झाली आणि हा चित्रपट कलाकृती की नोंद, असा वाद जपानमध्ये उद्‌भवला. आज त्या सामन्यांचे सर्वांत टिकाऊ स्मारक म्हणून हाच चित्रपट ओळखला जातो.

पुढील काळात क्रीडेकडे समाजदर्शनाचे साधन म्हणून पाहण्याची प्रवृत्ती वाढली. स्टीव्ह जेम्स यांच्या हूप ड्रीम्स (१९९४) या चित्रपटात शिकागोतील दोन कृष्णवर्णीय मुलांची बास्केटबॉलपटू होण्याची धडपड अनेक वर्षे अनुसरली आहे; खेळाबरोबरच शिक्षण, दारिद्र्य व वर्णभेद हे त्याचे विषय बनतात. व्हेन वुई वेअर किंग्ज (१९९६) हा लीऑन गॅस्ट यांचा चित्रपट १९७४ साली किन्शासा येथे झालेल्या मुहंमद अली-जॉर्ज फोरमन लढतीवर आधारलेला असून मूळ चित्रण आणि पूर्ण चित्रपट यांत दोन दशकांहून अधिक काळ गेला. झिदान या २००६ च्या चित्रपटात डग्लस गॉर्डन व फिलिप परेनो यांनी एका फुटबॉल सामन्यात सतरा कॅमेरे एकाच खेळाडूवर रोखले. चेंडू दूर असताना खेळाडू काय करतो, ही दूरचित्रवाणीवर सहसा न दिसणारी गोष्ट त्यामुळे पाहावयास मिळते.

चित्र-शिल्पविषयक अनुबोधपट : फ्रेंच दिग्दर्शक आलँ रेने (१९२२–२०१४) यांनी व्हान गॉख (१९४८) या लघुपटात केवळ चित्रांच्या तपशिलांवरून कॅमेरा फिरवून चित्रकाराचे जीवन सांगितले. रंगसम्राट मानल्या गेलेल्या या चित्रकारावरील हा लघुपट कृष्णधवल आहे. त्यामुळे चित्रांतील रेषा व फटकारे यांची आंतरिक गती ठळक होते. गेर्निका (१९५०) या लघुपटात रेने व रॉबेर एसाँ यांनी पिकासोच्या चित्रांद्वारे युद्धाचा निषेध केला. या पद्धतीवर चित्रकाराच्या रचनेची मोडतोड केल्याचा आक्षेप घेण्यात आला. त्याचा विचार करताना समीक्षक आंद्रे बाझँ (१९१८–५८) यांनी एक महत्त्वाचा भेद दाखविला : चित्राची चौकट दृष्टीला आत खेचते, तर चित्रपटाच्या पडद्याची कड दृष्टीला बाहेरच्या जगाकडे नेते. म्हणून असा लघुपट मूळ चित्राची जागा घेत नाही. तो दोन कलांच्या संयोगातून जन्मलेली तिसरी कृती असतो.

आंरी-झॉर्झ क्लूझो (१९०७–७७) यांच्या द मिस्टरी ऑफ पिकासो (१९५६) या चित्रपटाने निराळा मार्ग घेतला. शाई पाझरू देणाऱ्या विशिष्ट कागदावर पिकासो एका बाजूने चित्र काढतो आणि कॅमेरा दुसऱ्या बाजूने ते टिपतो. चित्रकाराचा हात न दिसता रेषा आपोआप उमटत जातात. माशाचा कोंबडा होतो, कोंबड्याचा चेहरा होतो. पूर्ण झालेल्या चित्राखाली किती चित्रे गाडली गेली आहेत, याची जाणीव या चित्रपटाइतकी क्वचितच अन्यत्र होते. हस्तव्यवसायाच्या क्षेत्रात डच दिग्दर्शक बेर्ट हान्स्ट्रा (१९१६–९७) यांचा ग्लास (१९५८) हा सुमारे अकरा मिनिटांचा लघुपट आदर्श मानला जातो. काच फुंकणाऱ्या कारागिरांचे फुगलेले गाल व बोटांची लय जॅझ संगीताशी जुळवून आणि त्यांच्या शेजारी यंत्राची ठोकळेबाज गती ठेवून त्याने एकही शब्द न उच्चारता मनुष्य व यंत्र यांवर भाष्य केले आहे.

भारतात १९४८ मध्ये मुंबई येथे फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली. तिच्या बहुसंख्य अनुबोधपटांत निवेदकाचा आवाज चित्रावर कुरघोडी करीत असे. १९६० नंतरच्या दशकात जीन भावनगरी यांच्या प्रोत्साहनाने तेथे प्रयोगशील लघुपटांना वाव मिळाला. चित्रकार म. फि. हुसेन (१९१५–२०११) यांचा थ्रू द आइज ऑफ अ पेंटर (१९६७) हा राजस्थानात चित्रित केलेला, निवेदनविरहित लघुपट याच काळातील आहे. छत्री, कंदील, जोडा, गाय यांसारख्या वस्तू व प्राणी त्यात चित्रकाराच्या नजरेने पाहिलेले आहेत. बर्लिन महोत्सवात त्यास लघुपटासाठीचे ‘सुवर्ण अस्वल’ पारितोषिक मिळाले. सत्यजित राय (१९२१–९२) यांचा द इनर आय (१९७२) हा शांतिनिकेतनमधील त्यांचे गुरू बिनोदबिहारी मुखर्जी यांच्यावरील लघुपट आहे. दृष्टी पूर्णपणे गेल्यावरही हा चित्रकार हाताच्या स्पर्शाने भित्तिशिल्पाची रचना करतो, हे राय कोणतीही करुणा न आळवता दाखवितात. मराठी लेखक व दिग्दर्शक अरुण खोपकर यांचा कलर्स ऑफ ॲब्सेन्स (१९९३) हा जहांगीर साबावाला यांच्या चित्रकलेवरील अनुबोधपटही याच परंपरेतील होय.

संगीत व नृत्यविषयक अनुबोधपट : जॅमिन’ द ब्लूज (१९४४) या ग्यॉन मिली यांच्या दहा मिनिटांच्या लघुपटात जॅझ वादकांचे छायाप्रकाशातील दर्शन संगीताच्या तोलाचे आहे. कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळात नॉर्मन मॅक्लारेन (१९१४–८७) व एव्हलिन लॅम्बार्ट यांनी बिगॉन डल केअर (१९४९) या लघुपटासाठी कॅमेरा न वापरता फिल्मवरच रंग व ओरखडे देऊन ऑस्कर पीटरसन यांच्या पियानोवादनाला दृश्य रूप दिले. १९६० च्या सुमारास हलका कॅमेरा व त्याच्याशी मेळ राखणारे ध्वनिमुद्रक उपलब्ध झाल्यावर गायकाच्या मागे रंगमंचाबाहेरही जाणे शक्य झाले. डी. ए. पेनेबेकर (१९२५–२०१९) यांचा बॉब डिलन यांच्या इंग्लंड दौऱ्यावरील डोन्ट लुक बॅक (१९६७) हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे.

हिंदुस्थानी संगीताच्या बाबतीत अडचण वेगळी होती. हजार फुटांचे रीळ सुमारे अकरा मिनिटांत संपते, तर विलंबित ख्यालाची बढत त्याहून कितीतरी अधिक अवकाश मागते. चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटापूर्वी दाखवायच्या लघुपटांना लांबीचे बंधन असल्यामुळे गायकाचे चरित्र निवेदनात सांगून गाण्याचे तुकडे जोडण्याची रीत रूढ झाली. एस. एन. एस. शास्त्री यांचा अमीर खाँ यांच्यावरील लघुपट (१९७०) या मर्यादेतही गायकाच्या एकाग्र मुद्रेला व आवाजाच्या संथ चलनाला न्याय देतो. १९७४ मध्ये खाँसाहेबांचे अपघाती निधन झाल्याने या लघुपटाचे मोल वाढले. राय यांनी बालसरस्वती (१९१८–८४) यांच्यावर काढलेला बाला (१९७६) तमिळनाडू शासन व मुंबईचे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्‌स यांच्या सहकार्याने निर्माण झाला. समुद्रकिनारी वाऱ्यात केलेल्या अभिनयाच्या दृश्याबद्दल मतभेद आहेत; परंतु कॅमेरा फारसा न हलवता नर्तिकेस पुरेसा अवकाश देण्याचा त्यांचा निर्णय शहाणपणाचा ठरला.

काळाच्या प्रश्नाला सर्वांत मूलगामी उत्तर मणी कौल (१९४४–२०११) यांनी ध्रुपद (१९८२) या चित्रपटात दिले. रुद्रवीणावादक झिया मोहिउद्दीन डागर आणि त्यांचे बंधू, गायक झिया फरिदुद्दीन डागर यांच्या आलापांना त्यात दीर्घ, अखंड दृश्यांची जोड आहे. वास्तूंमधून सावकाश सरकणारा कॅमेरा जणू स्वतःच आलाप घेतो. पनवेलजवळील पळस्पे येथील गुरुकुलामुळे या बंधूंचे महाराष्ट्राशी घनिष्ठ नाते होते. गुलजार यांचा भीमसेन जोशींवरील अनुबोधपट (१९९२) अधिक सुगम असून नवख्या श्रोत्यास तो आधी पाहणे सोयीचे होईल.

प्रदर्शन व जतन : परवान्याच्या अटींनुसार चित्रपटगृहांत हे लघुपट दाखविणे दीर्घकाळ बंधनकारक होते. त्यामुळे ते कोट्यवधी प्रेक्षकांपर्यंत पोहोचले. मात्र मुख्य चित्रपटाची वाट पाहताना सोसायची गोष्ट, अशी त्यांची ख्यातीही झाली. दूरचित्रवाणीच्या प्रसारानंतर ही व्यवस्था मागे पडली. मुंबईत १९९० पासून भरणाऱ्या अनुबोधपट, लघुपट व सचेतपट यांच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाने त्यांना जाणकार प्रेक्षक मिळवून दिला. मार्च २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन व पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (स्थापना १९६४) यांचे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण झाले आणि सात दशकांतील हा संचय सांभाळण्याचे दायित्व त्या महामंडळाकडे आले.

भारतात क्रीडेच्या वाट्याला कला-संगीताच्या तोलाचे सर्जनशील अनुबोधपट आले नाहीत. कुस्ती, मल्लखांब, कबड्डी, खोखो यांचे चित्रण विपुल झाले. पण आखाड्यातील गुरुशिष्यपरंपरा, सराव, पराभव यांचा संयमाने मागोवा घेणाऱ्या कृती विरळ आहेत. बंदिश उतरवून घेता येते, चित्र भिंतीवर राहते. मात्र गायकाची बैठक, नर्तिकेची नजर आणि पहिलवानाची पकड त्या व्यक्तीबरोबरच नाहीशी होते. ती पुढील पिढीस दिसावी यासाठी चित्रणाइतकाच कालांतराने त्याचा सांभाळही आवश्यक ठरतो. सावेदादांच्या हरवलेल्या कुस्तीचा इतिहास हेच सुचवितो.